लांकडी वाडगे आणि मद्यार्काचें मापन

नुकतेंच तोडलेलें झाड ज्या काताऱ्याच्या हातीं लागतें, त्याला आनंद आणि चिंता या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं प्राप्त होतात. आनंद असा कीं, ओलें लांकूड लेथवर लोण्यासारखें कातलें जातें. पटाशीच्या धारेखालून लांबच लांब ओल्या फिती निघतात, धूळ उडत नाहीं आणि हत्यारही फार तापत नाहीं. चिंता अशी कीं, सकाळीं हौसेनें कातलेला सुबक वाडगा तसाच उघड्यावर ठेवला, तर दोनचार दिवसांत त्याच्या कांठाला भेग पडते आणि ती तळापर्यंत उतरते. सावकाश वाळवावा, तर कांहीं महिने, जाड वाडग्यास कधीं कधीं वर्षही लागतें. या अडचणींतून वाट काढण्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हौशी काताऱ्यांमध्यें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एक युक्ति बरीच पसरली. ती म्हणजे ओला वाडगा मद्यार्कांत बुडवून मग वाळविणें.

या युक्तीचें स्वरूप सोपें आहे. वाडगा ओल्या लांकडांतूनच, परंतु जाडसर कातावयाचा; दहा इंच व्यासाच्या वाडग्याची भिंत सुमारें एक इंच जाड, असें प्रमाण साधारणपणें धरतात. मग तो झांकणाच्या पिंपांत मद्यार्कामध्यें एक रात्र किंवा एक दिवस, आणि भिंत फार जाड असल्यास त्याहूनही अधिक काळ, पूर्ण बुडवून ठेवावयाचा. बाहेर काढल्यावर पुसून त्याच्या बाहेरच्या अंगास जाड कागद गुंडाळावयाचा, आंतील पोकळी मोकळी ठेवावयाची, आणि आंत हवा खेळेल अशा बेतानें तो फळीवर पालथा मांडावयाचा. यामुळें आंतील अंग आधीं वाळून आकसतें व बाहेरचें मागाहून. तेव्हां बाहेरच्या पृष्ठभागावर ताण पडण्याऐवजीं दाब पडतो. आणि भेग पडते ती नेहमीं ताणानें, दाबानें नव्हे. कांहीं आठवड्यांनीं वाडगा वाळतो. वाळतांना तो लंबगोल झालेला असतो. त्याला पुन्हां लेथवर चढवून शेवटचा आकार देतात.

येथपर्यंत सारें ठीक आहे. परंतु मद्यार्क ही पाण्याच्या भावानें मिळणारी वस्तु नव्हे. म्हणून कातारी तेंच पिंप पुन्हां पुन्हां वापरतो. प्रत्येक ओला वाडगा त्या पिंपांत आपलें कांहीं पाणी सोडून जातो आणि जातांना कांहीं मद्यार्क घेऊन जातो. पहिल्या वाडग्याच्या वेळीं पिंपांत जो द्रव होता, तो सातव्या वाडग्याच्या वेळीं राहिलेला नसतो. मग त्यांत मद्यार्क किती उरला आहे, हें कसें ओळखावें? रंगानें कळत नाहीं, वासानेंही कळत नाहीं, आणि चव घेऊन पाहणें तर प्राणावर बेतण्यासारखें आहे. येथें मापनाचा प्रश्न उभा राहतो. आणि तो वरवर दिसतो तितका सरळ नाहीं.

प्रथम लांकडांतील पाण्याचा विचार केला पाहिजे. हें पाणी दोन ठिकाणीं असतें. एक पेशींच्या पोकळींत, जणूं नळींत भरलेलें. आणि दुसरें पेशींच्या भित्तींत शोषलेलें. ताज्या लांकडांत या दोहोंचें मिळून वजन कित्येकदां कोरड्या लांकडाच्या वजनाइतकें, तर कांहीं जातींत त्याहूनही अधिक भरतें. पोकळींतील पाणी निघून गेलें तरी लांकूड सहसा आकसत नाहीं. पाण्याचें वजन कोरड्या लांकडाच्या सुमारें शेंकडा ३० पर्यंत खालीं आलें, म्हणजे पोकळ्या रिकाम्या होतात आणि भित्तींतील पाणी सुटूं लागतें. आकसणें सुरू होतें तें तेथून. शिवाय लांकूड सर्व दिशांनीं सारखें आकसत नाहीं. वर्षवलयांच्या कडेकडेनें तें जितकें आकसतें, त्याच्या साधारण निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे आकसतें. वाडगा लंबगोल होतो तो यामुळें, आणि चिरतो तोही बहुतांशीं यामुळेंच.

यांत मद्यार्काचें काम काय? मद्यार्क पाण्यांत कोणत्याही प्रमाणांत मिसळतो. तो ७८ अंश सेल्सियसवर उकळतो आणि पाण्याहून लवकर उडतो. शिवाय त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी आहे, त्यामुळें बारीक नळ्यांतून निघून जातांना तो त्यांच्या भित्ती पाण्याइतक्या जोरानें ओढीत नाहीं. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी खोडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकासाठीं तयार करतांना तो क्रमाक्रमानें अधिकाधिक तीव्र मद्यार्कांतून नेतात, तें याच गुणांमुळें. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयांत विसाव्या शतकांत दलदलींतून निघालेल्या प्राचीन लांकडी वस्तूंतील पाणी आधीं मद्यार्कानें आणि मग ईथरनें काढून त्या सुकविण्याची रीति वापरण्यांत आली, तिच्या मुळाशींही हेंच तत्त्व होतें.

तरी एक गोष्ट विसरतां कामा नये. मद्यार्क पोकळींतील पाण्याची जागा सहज घेतो. परंतु भित्तींतील पाणी गेल्यावर होणारें आकसणें तो रद्द करूं शकत नाहीं. म्हणूनच या युक्तीच्या उपयोगाविषयीं काताऱ्यांमध्यें एकमत नाहीं. कोणी म्हणतो, महिन्यांचें काम आठवड्यांवर आलें. तर कोणी म्हणतो, खरें काम कागदाच्या वेष्टनानें आणि एकसारख्या जाडीनें केलें, श्रेय मात्र मद्यार्काला मिळालें. या वादाचा निकाल लावावयाचा, तर एकाच ओंडक्यांतील सारखे दोन वाडगे घेऊन, एक बुडवून व एक न बुडवितां, दोन्हींना सारखाच कागद गुंडाळून पाहिले पाहिजेत; आणि बुडविलेल्या वाडग्याच्या पिंपांत मद्यार्क खरोखर किती होता, हेंही ठाऊक असलें पाहिजे. अर्ध्यावर पाणी झालेल्या पिंपांत वाडगा बुडवून मद्यार्काला दोष देणें न्यायाचें नाहीं, आणि श्रेय देणेंही नाहीं.

आतां पिंप किती वेगानें पातळ होतें तें पाहूं गेल्यास जुन्या अंकगणितांतील गवळ्याचें उदाहरण उपयोगीं पडतें. दहा शेर दुधाच्या घागरींतून एक शेर काढून तेवढेंच पाणी घालावें, असें पांच वेळां केल्यावर दूध किती उरेल, हा प्रश्न अनेकांनीं शाळेंत सोडविलेला असेल. पिंपाचें गणितही त्याच जातीचें आहे. पिंपांत शेंकडा ९५ तीव्रतेचा दहा लिटर मद्यार्क आहे, आणि दोन किलो वजनाच्या ओल्या वाडग्यांत एक किलो, म्हणजे एक लिटर, पाणी आहे असें समजा. वाडगा बराच वेळ राहून आंतबाहेर सारखा द्रव झाला, तर दहा लिटरांत एक लिटर पाणी मिसळलें आणि वाडग्याबरोबर अकरा लिटरांपैकीं एक लिटर मिश्रण बाहेर गेलें. म्हणजे प्रत्येक वाडग्यागणिक तीव्रता पूर्वीच्या दहा-अकरांश उरते. पहिल्यानंतर ती सुमारें शेंकडा ८६ होते, दुसऱ्यानंतर ७८, तिसऱ्यानंतर ७१, चौथ्यानंतर ६५, पांचव्यानंतर ५९. आणि सातव्यानंतर ती ४९ वर येते, म्हणजे पिंपांत मद्यार्काहून पाणीच अधिक होतें. एक इंच जाडीच्या भिंतींत एका दिवसांत पूर्ण अदलाबदल होत नाहीं, म्हणून प्रत्यक्षांत घट याहून मंद असते. हा हिशेब सर्वांत वाईट स्थितीचा आहे; परंतु धोका कोणीकडे आहे हें त्यावरून स्पष्ट होतें.

अंदाजाऐवजीं मोजावयाचें, तर मद्यार्काचा कोणता तरी सहज मोजतां येईल असा गुण धरला पाहिजे. तो गुण म्हणजे घनता. वीस अंश सेल्सियसवर एक लिटर पाण्याचें वजन ९९८ ग्रॅम असतें, आणि एक लिटर शुद्ध इथाइल मद्यार्काचें ७८९ ग्रॅम. या दोन टोंकांच्या मध्यें प्रत्येक मिश्रणाचें वजन ठरलेलें आहे. घनफळाच्या हिशेबानें शेंकडा ९५ मद्यार्काचा एक लिटर ८११ ग्रॅम भरतो. शेंकडा ९० चा ८२९, ८० चा ८५९, ७० चा ८८६, ६० चा ९०९ आणि ५० चा ९३०. हीं मधलीं वजनें साध्या त्रैराशिकानें काढतां येत नाहींत. कारण पन्नास मिलिलिटर मद्यार्क आणि पन्नास मिलिलिटर पाणी एकत्र केलें तर शंभर मिलिलिटर होत नाहीं. सुमारें ९६ ते ९७ च होतें. दोन्ही द्रवांचे कण एकमेकांत दाटीनें बसतात. म्हणून येथें प्रयोगानें तयार केलेलीं कोष्टकेंच वापरावीं लागतात.

घनता मोजण्याचें नेहमींचें साधन म्हणजे हायड्रोमीटर. कांचेची एक बंद नळी, खालीं जड फुगा आणि वर बारीक दांडी. दांडीच्या आंत आंकड्यांची पट्टी. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. द्रव हलका असेल तर अधिक द्रव सारावा लागतो आणि नळी खोल बुडते. द्रव जड असेल तर ती वर येते. ज्या हायड्रोमीटरच्या पट्टीवर घनतेऐवजीं मद्यार्काचे शेंकडेच लिहिलेले असतात, तो मद्यार्कमापक.

सरकारी कराच्या निमित्तानें या साधनाला फार महत्त्व आलें. इंग्लंडांत पूर्वी बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवीत. मद्य जळून गेल्यावर दारूनें पेट घेतला तर मद्य कसास उतरलें असें मानीत. या ढोबळ कसोटीच्या जागीं १८१६ सालीं कायद्यानें साइक्स याचा हायड्रोमीटर आला. 'प्रूफ' हा शब्द मात्र टिकून राहिला. त्या मोजणीचें शंभर प्रूफ म्हणजे घनफळानें सुमारें शेंकडा ५७. महाराष्ट्रांतील अबकारी कराच्या हिशेबांत 'प्रूफ लिटर' हा शब्द दिसतो, तो याच वंशांतला. अमेरिकेंतील प्रूफ निराळा आहे. तेथें शेंकड्याची दुप्पट म्हणजे प्रूफ. एखाद्या मापकावर ९५ आणि १९० असे दोन आंकडे शेजारीं शेजारीं दिसले, तर गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. दोहोंचा अर्थ एकच आहे.

मापक विकत घेतांना पहिली चूक होते ती येथेंच. घरीं द्राक्षासव करणारे लोक जो हायड्रोमीटर वापरतात तो साखरेच्या पाण्यासाठीं केलेला असतो, आणि त्याची पट्टी पाण्याच्या घनतेच्या आसपासच सुरू होऊन संपते. मद्यार्कांत सोडल्याबरोबर तो थेट तळाशीं जातो. पिंपासाठीं शून्यापासून शंभरापर्यंत पट्टी असलेला मद्यार्कमापकच पाहिजे. प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारीं साधनेंही या कामीं फसवितात. पाण्यांत मद्यार्क वाढत गेला तसा वक्रीभवनांक वाढतो खरा, परंतु वजनानें शेंकडा ८० च्या आसपास तो कळसास पोंचून पुढें उतरूं लागतो. त्यामुळें एकाच आंकड्याचे दोन अर्थ होतात, आणि तेही नेमके ज्या तीव्रतेचें कातारी काम करतो त्या ठिकाणीं.

योग्य मापक मिळाला, तरी तो तीन प्रकारें फसवूं शकतो. पहिला प्रकार उष्णतेचा. द्रव तापला कीं फुगतो आणि हलका होतो. मापक खोल जातो आणि मद्यार्क खऱ्याहून अधिक दाखवितो. शेंकडा ७० च्या आसपास दर अंश सेल्सियसमागें हा फरक सुमारें एक-तृतीयांश टक्क्याचा असतो. वीस अंशांसाठीं केलेला मापक हिंवाळ्यांत पांच अंशांच्या गार पडवींत शेंकडा ६५ दाखवील, आणि तेंच पिंप उन्हाळ्यांत तीस अंशांवर ७३ दाखवील. पिंपांतील मद्यार्क मात्र दोन्ही वेळीं सत्तरच असेल. यावर उपाय सोपा आहे: शेजारीं उष्णतामापक ठेवावा, मापकावर त्याचें नियत उष्णतामान किती छापलें आहे तें पाहावें, आणि फरक वजा किंवा अधिक करावा. कांहीं मापक वीस अंश सेल्सियसचे, तर कांहीं साठ अंश फॅरनहाइटचे, म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सियसचे असतात.

दुसरा प्रकार लांकडाचा. मापकाला मद्यार्क दिसत नाहीं. त्याला केवळ घनता कळते. द्रवांत पाणी आणि मद्यार्क यांवांचून तिसरें कांहीं नाहीं असें गृहीत धरूनच त्याची पट्टी आंखलेली असते. परंतु लांकूड पिंपांत पाण्याबरोबर आपले टॅनिन, राळ, शर्करा आणि रंगही सोडतें. ओक किंवा अक्रोडाचे वाडगे बुडविले कीं द्रव थोड्याच दिवसांत चहासारखा होतो. हीं विरघळलेलीं द्रव्यें द्रवाला जड करतात, आणि मापक मद्यार्क खऱ्याहून कमी दाखवितो. शंभर मिलिलिटरांत एक ग्रॅम द्रव्य विरघळलें असेल तर शेंकडा ७० च्या आसपास ही चूक साधारण दीड टक्क्याची होते. अबकारी खात्याच्या प्रयोगशाळा रंगीत किंवा साखर घातलेल्या मद्याचा नमुना आधीं ऊर्ध्वपातन करून घेतात तें यासाठींच. तें काम घरीं करूं नये. त्यांत आगीचा धोका आहे आणि कायद्याचाही. घरीं एवढेंच करावें कीं, नमुना दाट फडक्यांतून गाळून घ्यावा, त्यांतील शंभर मिलिलिटर उथळ बशींत मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर, आपोआप उडूं द्यावेत, आणि तळाशीं उरलेला साका तोलावा. त्यावरून दुरुस्ती किती करावयाची याचा अंदाज येतो.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. काताऱ्याच्या पिंपांतील मद्यार्क शुद्ध नसतो. पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून त्यांत दुसरीं द्रव्यें मुद्दाम मिसळलेलीं असतात, आणि त्यांत मिथाइल मद्यार्क पुष्कळदां असतो. पूर्वी घरोघर प्राइमस स्टोव्ह पेटवितांना वाटींत जें स्पिरिट ओतीत, तें याच जातीचें. आतां वीस अंशांवर एक लिटर इथाइल मद्यार्क ७८९ ग्रॅम भरतो, आणि एक लिटर मिथाइल मद्यार्क सुमारें ७९१. एवढा सूक्ष्म भेद घरगुती मापकाला कळणें शक्य नाहीं. पहिला मद्यार्क आहे कीं दुसरा, हें तो सांगूं शकत नाहीं. आणि दुसरा पोटांत गेला तर डोळे जातात, जीवही जातो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत मिथाइल मद्यार्क मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसें मरण पावलीं. मापकानें अमुक टक्के मद्यार्क दाखविला म्हणजे द्रव निर्धोक ठरला, असा समज कोणीही करून घेऊं नये. पिंपावर मोठ्या अक्षरांत 'विष' असें लिहावें, तें मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें, आणि द्रव हाताळतांना हातमोजे वापरावे. कारण मिथाइल मद्यार्क कातडींतून आणि श्वासांतूनही शरीरांत जातो.

ज्याच्यापाशीं मापक नाहीं, त्यालाही घनता काढतां येते. त्यासाठीं अरुंद गळ्याची कांचेची बाटली आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा तराजू एवढेंच लागतें. बाटलीच्या गळ्यावर एक बारीक खूण करावी. कोरडी बाटली तोलावी. मग खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरून तोलावी. मग पाणी ओतून, बाटली वाळवून, तितक्याच उष्णतामानाचा पिंपांतील गाळलेला द्रव खुणेपर्यंत भरून पुन्हां तोलावी. बाटलींत पाणी १०० ग्रॅम मावलें आणि द्रव ८६.१ ग्रॅम मावला, तर द्रवाचें विशिष्ट गुरुत्व ०.८६१ झालें. उष्णतामान वीस अंश असेल, तर त्यास पाण्याच्या ९९८ नें गुणावें. लिटरचें वजन ८५९ ग्रॅम येतें, म्हणजे मद्यार्क शेंकडा ८०. येथें एका ग्रॅमची चूक झाली तर उत्तरांत तीन टक्क्यांहून अधिक फरक पडतो. तेव्हां स्वयंपाकघरांतील ढोबळ काटा या कामाचा नाहीं.

आंकडा हातीं आला, म्हणजे तो टिपून ठेवावा. पिंपाशेजारीं एक वही असावी. तींत तारीख, उष्णतामान, मापकाचा आंकडा, बुडविलेल्या वाडग्याचें लांकूड, त्याचें बुडविण्यापूर्वीचें व नंतरचें वजन, आणि ओतलेला ताजा मद्यार्क यांची नोंद असावी. विरघळलेल्या द्रव्यांमुळें मापक हळूहळू अधिकाधिक खोटें बोलूं लागतो. वहींतील हिशेब त्याला ताब्यांत ठेवतो. दोहोंत मोठी तफावत पडली, कीं समजावें, द्रवांत लांकडाचा अर्क फार झाला आहे.

उतरलेली तीव्रता ताजा मद्यार्क ओतून वाढवितां येते. मात्र तें किती महाग पडतें हेंही पाहावें. शेंकडा ६० तीव्रतेचें दहा लिटर मिश्रण ७५ वर आणावयाचें, तर शेंकडा ९५ चा साडेसात लिटर मद्यार्क ओतावा लागतो. म्हणून पिंप फार उतरूं देण्यापेक्षां लवकर आणि थोडा थोडा मद्यार्क घालणें बरें. वाया गेलेला द्रव मोरींत किंवा गटारांत ओतूं नये. तेथें त्याची वाफ कोंडून राहते.

वाडगा वाळला कीं नाहीं हें मात्र मद्यार्कमापक सांगत नाहीं. तें तराजूच सांगतो, आणि तोही जपून वापरावा लागतो. पिंपांतून काढलेल्या वाडग्याचें वजन पहिल्या कांहीं दिवसांत झपाट्यानें उतरतें, आणि कातारी हर्षित होतो कीं पाणी चाललें. वस्तुतः त्या दिवसांत जो उडतो तो मुख्यतः मद्यार्क. मागें राहिलेल्या पाण्याला पुढें वेळ लागतोच. म्हणून वजन किती लवकर उतरलें हें न पाहतां तें कधीं स्थिर झालें हें पाहावें. लागोपाठ कांहीं दिवस वजन बदललें नाहीं, म्हणजे वाडगा त्या खोलीच्या हवेशीं समतोल झाला. तोच लेथवर पुन्हां चढविण्याचा दिवस.

शेवटीं आगीविषयीं सांगणें अवश्य आहे. पिंपांत पाणी झालें म्हणजे तें पेटणार नाहीं, हा समज चुकीचा आहे. शुद्ध इथाइल मद्यार्काची वाफ सुमारें १३ अंश सेल्सियसवरच पेट घेऊं शकते. निम्में पाणी असलेल्या मिश्रणाचीही सुमारें २४ अंशांवर पेट घेते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बहुतेक दिवसांत उतरलेलें पिंपही पेटण्याजोगेंच असतें. ही वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते. आणि लेथच्या कारखान्यांत ठिणग्यांची वाण नसते. पटाशीला धार लावणारा सहाणेचा चाक, मोटारीचे ब्रश, विजेचें बटण, यांपैकीं एकही पुरेसें आहे. उन्हांत मद्यार्काची ज्योत नीट दिसतही नाहीं. म्हणून पिंपाचें झांकण घट्ट असावें, बुडविण्याचें व वाळविण्याचें काम खेळत्या हवेंत आणि धारेच्या चाकापासून दूर करावें, आणि भिजलेला वाडगा भट्टींत किंवा विजेच्या चुलींत कधींही घालूं नये. महाराष्ट्रांत अशा मद्यार्काच्या साठ्यावर दारूबंदी कायद्याचे निर्बंधही आहेत. तेव्हां येथील कोणा हौशी माणसास हा प्रयोग करण्याची इच्छा झाल्यास त्यानें परवान्याची चौकशी आधीं करावी.

ज्यास तेवढा खटाटोप करावयाचा नसेल, त्याच्यासाठीं जुना मार्ग मोकळाच आहे: भिंत सर्वत्र सारख्या जाडीची कातणें, वाडगा कागदांत किंवा त्याच्याच ओल्या भुशांत ठेवणें, दर आठवड्यास त्याचें वजन टिपणें आणि वाट पाहणें. मद्यार्क वापरणाऱ्यालाही ही वही आणि हा तराजू चुकत नाहीं. त्याला एवढेंच अधिक करावें लागतें कीं, मापकाच्या दांडीवरचा आंकडा वाचतांना तो आंकडा घनतेचा आहे हें ध्यानीं ठेवून, उष्णता, लांकडाचा अर्क आणि द्रवाची जात या तिन्ही गोष्टींचा हिशेब करून मगच त्याला मद्यार्काचा आंकडा म्हणावें.